अंग धरलंय? पहिल्यांदा उपचारी मालिशला जाणाऱ्यांसाठी

निपाणीहून एक मावशी आल्या होत्या. तक्रार डोकेदुखीची. चार वर्षांत दोनदा चष्मा बदलला, पित्ताच्या गोळ्या घेतल्या, दृष्टसुद्धा काढून झाली. काय काम करता विचारलं, तर म्हणाल्या, “बिड्याच की वळायच्या, दुसरं काय.” मांडीवर सूप, मान खाली, नजर पानावर, आणि हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत बैठक मोडायची नाही. मी त्यांच्या मागे उभी राहिले, मानेच्या मुळापासून खांद्याकडे जाणारा मांसल कंगोरा अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि हळूहळू दाब वाढवला. सुपारीएवढी गाठ हाताला लागली. “इथं दाबलं की कुठं जातंय, मावशी?” त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांचा हात आपोआप कानामागून कपाळाच्या कडेला गेला. “अगं बाई, हेच की माझं डोकं!”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आजी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बाळंतिणींना चोळायची, मी शिकून तेच काम वेगळ्या रीतीने करते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून माझ्याकडे येणारे बहुतेक लोक मालिशला आधी घाबरतात, नाहीतर तिच्याकडून नको तेवढी आशा धरून येतात. ज्यांना पहिल्यांदाच जायचंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हे नेमकं काय असतं

रेमेडियल मसाज म्हणजे उपचारी मालिश. डोक्यापासून पायापर्यंत तेल लावून मिळणारा आराम वेगळा. तोही चांगलाच, पण त्यात तुमचं काय दुखतंय हे फारसं कोणी विचारत नाही. उपचारी मालिशमध्ये आधी विचारपूस होते, मग हालचाल तपासतात, मग ठरावीक स्नायूंवर काम होतं आणि शेवटी तीच हालचाल परत करून बघतात. मान डावीकडे किती वळत होती, आता किती वळते, हा हिशेब त्यात असतो. हा हिशेब कोणी मांडत नसेल तर तो उपचार नव्हे.

आपल्या भागाला मालिश नवीन नाही. तालमीत मेहनत झाल्यावर पोरं एकमेकांचं अंग रगडतात, बाळ-बाळंतिणीला तेल लागतं, दिवाळीला पहाटे अभ्यंगस्नान होतं. पाश्चात्त्य पद्धतीत या हातांची वर्गवारी लावण्याचं श्रेय १९व्या शतकातल्या योहान मेट्झगर या डच डॉक्टरांना दिलं जातं. त्यातली नावं फ्रेंच असली तरी कृती आपल्या ओळखीच्या आहेत: लांब हात फिरवणं, कणकेसारखं मळणं, अंगठ्याने आडवं घासणं, थापटणं. निपाणीच्या मावशींच्या खांद्यात सापडली तशी गाठ, जी दाबल्यावर कळ भलतीकडेच जाते, तिचा अभ्यास जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टरांनी केला. राष्ट्राध्यक्ष केनेडींची पाठ त्याच बघत होत्या. कोणत्या स्नायूतली कळ कुठे उमटते याचे नकाशे त्यांनी तयार केले. ती गाठ आतून नेमकी कशाची बनलेली असते यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे, पण कळ कुठे जाते हे नकाशे आम्हाला रोज उपयोगी पडतात.

शरीराला काय मिळतं

गुडघा दाराला आपटला की आपण काय करतो? विचार न करता चोळतो, आणि बरं वाटतं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचं कारण मांडलं. स्पर्शाचा आणि दाबाचा निरोप मज्जारज्जूत पोचला की तो दुखण्याच्या निरोपाची वाट अडवतो, जणू दरवाजा अर्धा ओढून घेतो. मालिशने लगेच हलकं वाटतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. दुसरं म्हणजे आखडलेला स्नायू सैल पडतो, सांधा जास्त वळतो. तिसरं, श्वास संथ होतो, नाडी आणि रक्तदाब काही वेळापुरते उतरतात, झोप बरी लागते. ज्याचं दुखणं वर्षभराचं आहे त्याला एक रात्र नीट झोप मिळणं ही किरकोळ गोष्ट नाही.

आता “मालिशने लॅक्टिक ॲसिड निघून जातं” हे वाक्य. तालमीत, जिममध्ये, मैदानावर सगळीकडे ऐकू येतं, आणि ते बरोबर नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली आणि मग एकाच मांडीला १० मिनिटं मालिश केली. नंतर दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टिक ॲसिडमध्ये काही फरक नव्हता. मात्र मालिश केलेल्या मांडीत सूज वाढवणारे संदेश कमी होते. म्हणजे मेहनतीनंतर मालिशचा उपयोग होतो, फक्त त्यामागचं कारण लोक सांगतात ते नाही. “शरीरातलं विष बाहेर पडतं” याचंही तसंच. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं बारा महिने चोवीस तास करत असतात.

कंबरदुखीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. जुनाट कंबरदुखीला देता येण्याजोग्या उपचारांत त्यांनी व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांच्याबरोबर मालिशही धरली आहे. त्यामागचा पुरावा मात्र फार भक्कम नाही, आणि फायदा मुख्यतः थोड्या दिवसांचा असतो. मी माझ्या टेबलावर रोज हेच बघते. मालिशने दोन-तीन दिवसांची सवलत मिळते. त्या दिवसांत तुम्ही हललात, व्यायाम केला, बसण्याची रीत बदललीत, तर ती सवलत टिकते. पडून राहिलात तर आठवड्याने परत तिथेच. जो थेरपिस्ट हे सांगत नाही आणि नुसताच दर आठवड्याला बोलावतो, त्याच्याकडे पैसे घालवू नका.

मणक्यांमधली सरकलेली गादी मालिशने जागेवर बसत नाही, चरबी वितळत नाही, साखर उतरत नाही. तसं कोणी सांगितलं तर उठून या.

पायरी पहिली: हे दुखणं मालिशचं आहे का?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते.

कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, किंवा बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, किंवा पायातली ताकद जाऊन पाऊल ओढत चालावं लागलं, तर मालिश नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. अशा वेळी तासांना किंमत असते. छातीत दडपण येऊन कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटला असेल, तर “उसण भरली असेल” म्हणत तेल शोधत बसू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कारण नसताना उतरलेलं वजन, दुखण्याबरोबर ताप, पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, या सगळ्याला आधी डॉक्टर.

एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दाबली की दुखतेय? लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर असं झालं तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. “गोळा आलाय, चोळून देते” म्हणणारं माणूस घरात असतंच, त्याला तुम्हीच थांबवा.

तापात, उघड्या जखमेवर, गजकर्ण-खरूज असलेल्या कातडीवर, मोडलेल्या हाडावर मालिश करत नाहीत. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब देत नाहीत. बीपी आटोक्यात नसेल तर आधी ते आटोक्यात आणा. कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारून या. पूर्ण बंदी नसते, पण हात वेगळा लागतो. साखरेमुळे पाय बधिर झाले असतील तर दाब किती पडतोय हे तुम्हालाच कळत नाही, म्हणून ते आधीच सांगा.

आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक आजोबा पाठदुखीसाठी आले. मी सगळं विचारलं, पण गोळ्या विचारायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने मोबाईलवर फोटो दाखवला, अर्धी पाठ निळी-काळी. हृदयासाठी ते रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. आजोबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, पण तो फोटो मी विसरलेले नाही. तेव्हापासून गोळ्यांची पाकिटं समोर ठेवल्याशिवाय मी कोणाच्या अंगाला हात लावत नाही. तुम्हाला कोणी विचारलं नाही तरी तुम्ही पाकिटं घेऊन जा.

पायरी दुसरी: कोणाच्या हाती द्यायचं

आपल्याकडे तीन-चार प्रकारचे हात मिळतात. फिजिओथेरपिस्टची पदवी बीपीटी असते. स्नायू, सांधे, नसा हाच त्यांचा विषय. आयुर्वेदाचे वैद्य बीएएमएस असतात, त्यांच्याकडे अभ्यंग, स्वेदन, पंचकर्म होतं. बेळगावातल्या शहापूरचं, केएलई संस्थेचं कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय १९३३पासूनचं आहे. महाविद्यालयाला जोडलेल्या ओपीडीत खर्च सहसा कमी येतो, शिकणारी मुलं वेळ देऊन तपासतात आणि शिक्षक पाठीशी उभे असतात. अथणी-रायबागकडचे लोक मिरजेला जातात, निपाणीचे कोल्हापूरला. तेही ठीकच, फक्त एक्स-रे, एमआरआय असेल तर जुन्या कागदांसकट न्या.

खासगी दवाखान्याची कर्नाटकात केपीएमई (खासगी वैद्यकीय आस्थापना) कायद्याखाली नोंदणी लागते. भिंतीवर ते प्रमाणपत्र आहे का बघा, नसेल तर विचारा. विचारण्यात लाजायचं काही नाही.

मग राहतात गावातले हात. यातल्या काहींचा मी मनापासून आदर करते. वर्षानुवर्षं पैलवानांचं अंग रगडलेल्या वस्तादाच्या बोटांना जे कळतं ते मला शिकायला बरीच वर्षं लागली. पण तीन गोष्टी करून घेऊ नका. एक, केस कापून झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून घेणं. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या झटक्याने फाटू शकतात आणि त्यातून लकवा होऊ शकतो. डोक्यावरची चंपी खुशाल घ्या, मानेला झटका देऊ देऊ नका, आधीच सांगून ठेवा. दोन, मुरगळलेला किंवा सुजलेला सांधा एक्स-रेशिवाय ओढून “बसवून” घेणं. तीन, उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घेणं. उसण बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपोआपच उतरते, म्हणून लाथेला यश मिळाल्यासारखं वाटतं. पण म्हाताऱ्या माणसाचा ठिसूळ मणका त्या लाथेने दबू शकतो.

बायकांसाठी वेगळं सांगते. बाई थेरपिस्ट मागणं हा तुमचा हक्क आहे. ती नसेल तर घरातलं कोणी आत बसवून घ्या. जेवढ्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा आणि बाकीचं अंग चादरीखाली, हा नियम आहे, कोणाची मेहरबानी नव्हे.

पायरी तिसरी: जायच्या आधी

जेवण करून लगेच जाऊ नका, दीड-दोन तास जाऊ द्या. अजीर्ण झालं असेल तर अभ्यंग टाळावं असं आयुर्वेदातही सांगितलं आहे. अगदी रिकाम्या पोटीही नको, विशेषतः साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेत असाल तर. सैल कपडे घाला. दागिने घरी ठेवा.

घरून निघण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: कुठे दुखतं, कधीपासून, काय केल्यावर वाढतं, काय केल्यावर कमी होतं. “सगळं अंगच दुखालंय” एवढ्यावर आम्हाला काही करता येत नाही. मागावर उभं राहून चौथ्या तासाला डावी पोटरी भरून येते, असं वडगावच्या एका विणकराने मला सांगितलं होतं. त्या एका वाक्याने माझं अर्धं काम झालं. माग बघायला गेले तेव्हा कळलं, त्यांचं सगळं वजन डाव्या पायावर असायचं.

पायरी चौथी: टेबलावर

पहिल्या वेळी सगळ्यांचं एकच चुकतं, लोक सोसतात. दात-ओठ खाऊन पडून राहतात, कारण “दुखलं तरच गुण येतो” असं मनात बसलेलं असतं. तसं नसतं. जास्त दाब आला की शरीर घाबरून तोच स्नायू अजून घट्ट धरतं. दहा मार्कांचं माप मनात ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. दाब पाच-सहाच्या आसपास असावा, त्यात दुखत असतानाच “हं, हीच जागा” असं बरं वाटतं. श्वास रोखला गेला, मुठी आवळल्या, की सात ओलांडले समजा आणि लगेच सांगा. विजेचा झटका बसल्यासारखी कळ पायात किंवा बोटांत उतरली, मुंग्या आल्या, तर नसेवर दाब पडतोय. तिथे थांबवा.

थेरपिस्ट कानडी बोलणारे असले तरी अडचण येऊ देऊ नका. “नोवु” म्हणजे दुखणं, “मेल्लगे” म्हणजे हळू, “साकु” म्हणजे पुरे. कंबर म्हणजे “सोंट”, पाठ “बेन्नु”, मान “कुत्तिगे”, गुडघा “मोणकालु”. एवढ्या सात शब्दांवर माझ्या कितीतरी मावशींचं भागलंय. तसं बेळगावात दोन्ही भाषा कळणारं माणूस शेजारच्या खुर्चीत मिळतंच.

काम साधारण ३० ते ६० मिनिटं चालतं. आधी तळहाताने हलके लांब हात फिरतात, स्नायू गरम होतो. मग मळणं. मग अंगठा, बोटाचं पेर किंवा कोपर गाठीवर टेकवून तसंच थांबणं. गाठीवर थांबणं हे सगळ्यात नाजूक काम. सुरुवातीला बोटाखाली ओल्या दोरीचा पीळ असल्यासारखं लागतं. तीस सेकंद, चाळीस सेकंद काहीच होत नाही. मग माणूस एक लांब श्वास सोडतो आणि तो पीळ बोटाखालीच मऊ होत जातो. ज्याच्या अंगावर काम चालू आहे त्यालाही तो क्षण कळतो. त्या वेळी मी हात काढून घेते. लोकांना वाटतं अजून दाबावं, पण तिथे झालेलं असतं.

तेल कोणतं, हा प्रश्न हमखास येतो. तीळतेल, खोबरेल, शेंगतेल, काहीही चालतं. मालिशमध्ये तेलाचं मुख्य काम हात सरकवणं हेच. औषधी तेलाचा वास आणि ऊब बरी वाटते, पण बाटलीच्या किमतीवर गुण ठरत नाही. कातडी नाजूक असेल तर आधी मनगटावर थोडं लावून एक दिवस बघा. कापूर, निलगिरी घातलेलं जळजळीत तेल तान्ह्या बाळाला नको.

पायरी पाचवी: पुढचे दोन दिवस

उठताना कुशीवर वळून हळू उठा, एकदम उठलात तर चक्कर येते. एक-दोन दिवस अंग ठणकणं, नवीन मेहनत केल्यासारखं वाटणं हे होतं. तीन दिवसांनंतरही ठणका वाढताच असेल किंवा निळे डाग पडले असतील तर फोन करून सांगा, पुढच्या वेळी दाब कमी करता येतो. त्या दिवशी तहान लागेल तसं पाणी प्या, जड ओझं उचलू नका, पण आडवंही पडून राहू नका. घराभोवती चाला.

निपाणीच्या मावशींना मी पहिल्या दिवशी व्यायाम एकच दिला. भिंतीला पाठ टेकून बसायचं, हनुवटी आत ओढायची, जणू मागून कोणी मान उंच करतंय, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. आणि कामात दोन बदल: सूप मांडीवरून काढून उंच पाटावर ठेवायचं, आणि शंभर बिड्या झाल्या की उठून अंगणाला एक फेरी. दुसऱ्या बदलाला त्या तयार नव्हत्या. उठलं की हाताची लय मोडते, मजुरी हजारावर असते. त्यांचं म्हणणं खरं होतं. मग शंभरऐवजी दोनशेवर ठरलं. चार आठवड्यांत चार वेळा मालिश झाली. डोकं दुखायचं पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही, पण रोज लागणारी गोळी आठवड्यातून एकदावर आली, आणि ती गाठ आता त्यांच्या लेकीलाही शोधता येते.

किती वेळा जावं? नव्या दुखण्याला तीन-चार वेळा पुरतं. जुन्याला सहापर्यंत. चार वेळांत हालचालीत किंवा झोपेत काहीच फरक दिसला नाही तर मालिश वाढवत नेऊ नका, दुखण्याचं निदान परत तपासून घ्या.

घरच्या घरी

टेनिसचा चेंडू मोज्यात घाला. मोजा खांद्यावरून मागे सोडा, चेंडू पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरा आणि गुडघे थोडे वाकवत अंग वरखाली करा. दुखरी जागा सापडली की तिथेच थांबा, श्वास चालू ठेवा, ३० सेकंदांनी पुढे सरका. एका जागेला दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. चेंडू मणक्यावर नको, मणक्याच्या कडेच्या मांसल भागावर. टाच दुखत असेल तर पाण्याची बाटली आडवी ठेवून तळवा तिच्यावर पुढेमागे फिरवा. सकाळी पलंगाच्या कडेला बसूनच, पहिलं पाऊल टाकण्याआधी केलं तर जास्त उपयोग होतो.

दुसऱ्याला करत असाल तर गळ्याची पुढची बाजू, काख, गुडघ्याची मागची खळगी, जांघ आणि पाठीत बरगड्या संपतात तिथला मऊ भाग, इथे दाब द्यायचा नाही. अंगठ्याने नव्हे, स्वतःच्या वजनाने दाबा, नाहीतर दुसऱ्याची पाठ सुटेल आणि तुमचा अंगठा धरेल.

शेक घ्यायचा तर १५-२० मिनिटं, पिशवी टॉवेलात गुंडाळून. नुकत्याच झालेल्या मारावर शेकही नको आणि मालिशही नको, पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

तालमीतल्या पोरांसाठी इथेच एक सांगते. मांडीला गुडघा लागून मुका मार बसला की तो त्याच संध्याकाळी तेल लावून जोरात रगडतात. येळ्ळूर-कंग्राळी भागातली पोरं अशी लंगडत येतात आणि सांगतात, “रगडलं तसं वाढलं.” खोल मार ताजा असताना रगडला तर आत रक्तस्राव वाढतो, आणि कधीकधी त्या स्नायूत चक्क हाड तयार व्हायला लागतं. मग महिनोन्महिने गुडघा पुरा वाकत नाही आणि अख्खा हंगाम जातो. ताज्या मुक्या माराला बर्फ, आवळपट्टी आणि विश्रांती. रगडायचं ते थकलेल्या अंगाला, मार लागलेल्या अंगाला नव्हे.

बाळंतिणीची मालिश आमच्याकडे अजून घरोघर होते आणि ती मोडू नये असं मला वाटतं. चाळीस दिवस कोणीतरी त्या बाईच्या अंगाकडे लक्ष देतं, तिला काय होतंय विचारतं. एवढंच बघा, सिझेरियन झालं असेल तर टाके पुरे भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पोटाला हात नाही. आणि पोटरी सुजली असेल तर वर सांगितलं ते आठवा. बाळाच्या नाकाकानात तेल घालायचं नाही, कपाळ-नाक दाबून “आकार द्यायचा” नाही.

रोप लावणीच्या दिवसांत

जून-जुलैत खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या शिवारात भाताची रोप लावणी सुरू झाली की माझ्याकडे कंबरेची रांग लागते. इरलं पाठीवर, पाय चिखलात, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकलेली पाठ. त्या दिवसांत दवाखान्यात यायला कोणाला सवड नसते, म्हणून घरीच करायचं सांगते. बांधावर आलात की दोन्ही हात कंबरेवर ठेवून मागे वाकायचं, पाच वेळा, सावकाश. दर तासाला. रात्री अंघोळीनंतर घरातल्या कोणाकडून कंबरेच्या दोन्ही बाजूंना, मणका सोडून, तळहाताने खालून वर दहा मिनिटं हात फिरवून घ्यायचा. मग उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी, तीस आकडे. ज्याने तुमची कंबर चोळली त्याचीही तशीच चोळून द्यायची, कारण तोही तुमच्याबरोबर चिखलातच होता. झोपताना गुडघ्यांखाली उशी किंवा घडी घातलेली चादर. आणि तिसऱ्या दिवशी सकाळीही कंबर सरळ होत नसेल, किंवा कळ मांडीतून खाली पोटरीपर्यंत उतरायला लागली असेल, तर लावणी संपायची वाट न बघता दाखवायला या.